माळ्यावरच्या खोलीला पत्र्याचं उतरतं छप्पर: कमी पैशात इन्सुलेशन कुठलं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चिपळूणकडच्या जुन्या घराची कौलं उतरवून कलर कोटेड पत्रा टाकला, माळ्याची जागा मोकळी झाली म्हणून तिथे साधारण ३०० चौरस फुटांची खोली काढली आणि आता मार्च उजाडला की दुपारी तिथे बसवत नाही, पंखा फुल ठेवला तरी डोकं तापतं. एक डीलर बबल शीट (चकचकीत थर लावलेली हवेच्या फुग्यांची प्लास्टिक शीट) घ्या म्हणतो, दुसरा पफ पॅनल (दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेलं पॅनल), सुतार म्हणतो थर्माकोल मारू, आणि बजेट बेताचं आहे. मी छपरांचीच कामं करतो, कोकणातही आणि घाटावरही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण लोकांचे पैसे जेवढे चुकीच्या मटेरियलमध्ये जातात त्याच्या कितीतरी पट ते चुकीचं बसवण्यात जातात.

आधी हे बघा की झालंय काय. जुन्या घरात वर कौलं, त्याखाली माळा, माळ्यावर पेंढा, सरपण, अडगळ, आणि त्याखाली माणसं. म्हणजे तापलेलं छप्पर आणि माणूस यांच्यात एक अख्खा मजला हवेचा होता, शिवाय कौलांच्या फटींतून गरम हवा सारखी वर निघून जायची. तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी केल्यात, कौलाच्या जागी अर्धा मिलीमीटरचा पत्रा आणला आणि स्वतः त्या मधल्या थरात राहायला गेलात. त्यात गैर काही नाही, जागा लागतेच, पण जे काढलं ते दुसऱ्या रूपात परत घालावं लागणार, हवेचा थर आणि उष्णता अडवणारा थर दोन्ही.

दुसरं म्हणजे पंख्याने फरक का पडत नाही. मे महिन्यातल्या दुपारी गडद रंगाचा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो आणि ती उष्णता हवेतून नाही तर सरळ किरणांनी तुमच्या डोक्यावर पडत असते. दुपारी दोनला खुर्चीवर बसून डोक्याच्या वर एक खोक्याचा पुठ्ठा धरून बघा, लगेच बरं वाटेल, खोलीतली हवा तेवढीच गरम असूनही. म्हणजे आपल्याला खरं तर त्या तापलेल्या पत्र्यापासून आडोसा हवाय.

आता थोडा हिशेब करू, कंटाळू नका कारण सगळा निर्णय यावरच आहे. ३०० चौरस फूट जमिनीला २५ अंशांच्या आसपास उतार असेल तर दोन्ही पाखी मिळून छप्पर ३३० चौरस फूट, म्हणजे जवळपास ३१ चौरस मीटर. पत्रा ६५ अंश आणि खोली ३५ अंश धरा. उघड्या पत्र्यातून अशा वेळी खाली साडेपाच हजार वॅटच्या आसपास उष्णता येते, दीड टनाचा एसी जेवढी उष्णता बाहेर फेकतो तेवढीच जवळपास. त्याखाली २५ मिलीमीटर थर्माकोल नीट बसवलं तर हा आकडा ११०० च्या आसपास येतो. ५० मिलीमीटरला ६००. ७५ मिलीमीटरला ४१०. बघा, पहिल्या एका इंचाने चार हजारांहून जास्त वॅट वाचवले, दुसऱ्या इंचाने पाचशेच्या आत, तिसऱ्याने दोनशेच्याही आत. हे कागदावरचे आकडे आहेत, प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होणार, पण प्रमाण हेच राहतं. केंद्र सरकारच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये घराच्या छतासाठी यू व्हॅल्यू (छतातून किती उष्णता आत येते त्याचं माप, जेवढं कमी तेवढं चांगलं) जास्तीत जास्त १.२ ठेवलीय, उघड्या पत्र्याची पावणेपाचच्या आसपास असते, आणि एक इंच चांगलं थर्माकोल लावलं की ती १.१ च्या आसपास येते. म्हणून बजेट कमी असेल तर जाड माल घेऊन अर्ध्याच छपराला लावणं हा सगळ्यात वाईट सौदा, त्यापेक्षा पातळ घ्या पण सगळीकडे लावा.

आणि सगळीकडे म्हणजे खरंच सगळीकडे. ५० मिलीमीटरचं काम केलं आणि कडेला, कैचीच्या (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याच्या) सांध्यात, वळचणीला अशा मिळून फक्त पाच टक्के जागा उघडी राहिली तर आत येणारी उष्णता जवळजवळ दीडपट होते, कारण तो उघडा पाच टक्के पत्रा एकटाच बाकीच्या छपराच्या निम्मी उष्णता आत सोडतो. काम बघायला जाल तेव्हा जाडी मोजत बसू नका, खोलीत अंधार करा आणि फटी शोधा.

मटेरियलची तुलना कशी करायची तेही सांगतो, म्हणजे डीलरसमोर गोंधळ होणार नाही. प्रत्येक मालाची के व्हॅल्यू असते, ती जेवढी कमी तेवढा माल चांगला. थर्माकोल ०.०३६ च्या आसपास, रॉकवूल आणि ग्लासवूल (दगडाच्या आणि काचेच्या धाग्यांची गादी) ०.०३५ ते ०.०४०, एक्सपीएस (थर्माकोलच्याच जातीचं घट्ट फोम) ०.०३० च्या आसपास, पफ ०.०२३ च्या आसपास, एक्सएलपीई (रोलमध्ये मिळणारा पातळ प्लास्टिक फोम) पुन्हा ०.०३६ च्या जवळ. जाडी मीटरमध्ये घ्यायची, के व्हॅल्यूने भागायची, येते ती आर व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवायची ताकद, ती जेवढी जास्त तेवढं चांगलं. मग चौरस फुटाचा भाव त्या आर व्हॅल्यूने भागायचा, ज्याचा आकडा सगळ्यात कमी तो स्वस्त. चौरस फुटाला कोण किती सांगतो याला एकट्याला काही अर्थ नाही. उदाहरण बघा, ८ मिलीमीटर एक्सएलपीईची आर येते ०.२२ आणि ५० मिलीमीटर थर्माकोलची १.३९, म्हणजे सहापट. एक्सएलपीईचा रोल दिसायला छान, चकचकीत, बसवायला सोपा, पण भाव विचारताना हा सहापटीचा फरक डोक्यात ठेवा.

बबल शीटबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात, जादू आहे म्हणणारे आणि काही उपयोग नाही म्हणणारे. खरं असं की बबलची स्वतःची जाडी काहीच काम करत नाही, काम करतो तो त्यावरचा चकचकीत ॲल्युमिनियमचा थर, आणि तो तेव्हाच जेव्हा त्याच्या समोर मोकळी हवा असते, निदान एक इंच. चांगला फॉईल उष्णतेची किरणं जेमतेम पाच टक्के सोडतो, त्यामुळे फॉईल आणि एक इंच हवा मिळून आर व्हॅल्यू ०.५ च्या आसपास पडते, पातळ मालाच्या मानाने फारच चांगली. पण फॅब्रिकेटर काय करतात, पत्र्याखाली बबल ताणतात आणि त्याला चिकटूनच पीव्हीसीचं सिलिंग मारतात, मग फॉईलला हवाच उरली नाही आणि पैसे गेले. अजून एक, चकचकीत बाजू एकच असेल तर ती खाली, हवेच्या फटीकडे ठेवा, वर ठेवली की त्यावर धूळ बसते आणि धूळ बसलेला फॉईल साध्या कागदासारखा वागायला लागतो. पत्रा अजून टाकायचा असेल तर पर्लिनवर (पत्रा ज्यांवर स्क्रूने बसतो त्या आडव्या पट्ट्यांवर) बबल टाकून वर पत्रा मारणं सोपं जातं, तुमचा पत्रा आधीच बसलाय, तेव्हा फक्त बबलसाठी पत्रे उचकटू नका, जुनी स्क्रूची भोकं पुन्हा कधी नीट बसत नाहीत.

थर्माकोल. तुमच्या सुताराचं म्हणणं चूक नाही, कमी पैशात सगळ्यात जास्त आर तिथेच मिळते, फक्त त्याला पॅकिंगचं थर्माकोल आणू देऊ नका. डेन्सिटी, म्हणजे एका घनमीटरचं वजन विचारा, निदान १५, मिळालं तर २० किलोचं घ्या, आणि एफआर म्हणजे आग न पसरवणाऱ्या ग्रेडचंच घ्या, साधं आणि एफआर दिसायला सारखंच असतं म्हणून बिलावर लिहून घ्या. पत्र्याला चिकटवून लावू नका. थर्माकोल ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, गडद पत्रा त्याच्या फार लांब नसतो, दोनतीन उन्हाळ्यांत शीट वाकडी होते, आक्रसते आणि सांधे उघडतात. पर्लिनच्या खाली बसवा म्हणजे पर्लिनच्या उंचीएवढी हवा आपोआप राहते. कापताना मापापेक्षा चारपाच मिलीमीटर जास्त कापायचं म्हणजे ते दाबून बसतं, आणि सांध्यांवर ॲल्युमिनियमची टेप. दोन थर २५-२५ चे घेतले आणि वरचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ दिले नाहीत तर एका ५० च्या थरापेक्षा काम चांगलं होतं, खर्च जवळपास तोच.

इथे एक गोष्ट फार कमी लोक सांगतात म्हणून मुद्दाम लिहितो. थर्माकोलला वायर टेकू देऊ नका. वायरवरचं पीव्हीसी आणि थर्माकोल एकमेकांना वर्षानुवर्षं चिकटून राहिले की पीव्हीसीमधला मऊपणा देणारा पदार्थ थर्माकोलमध्ये उतरतो, थर्माकोल चिकट होऊन विरघळल्यासारखं दिसतं आणि वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. पत्र्याखाली, सिलिंगच्या आत, जिथे कोणी बघत नाही तिथे हे होतं. सगळ्या वायरी कंड्युटमधून (वायरसाठीच्या कडक नळीतून) घ्या आणि सिलिंगमधले गोल एलईडी लाइट थर्माकोलमध्ये गाडू नका, भिंतीवर लाइट लावा, तेवढीच भोकंही वाचतात. थर्माकोल उघडं ठेवायचं नाही हेही आलंच, पेटलं तर काळा विषारी धूर करतं, त्याखाली जिप्सम किंवा फायबर सिमेंट बोर्ड हवाच. कोकणात मी फायबर सिमेंट बोर्ड सांगतो, जिप्समला जरा गळतीचं पाणी लागलं की पोट काढतं.

रॉकवूल महाग पडतं पण दोन कारणांसाठी ते घेण्यासारखं आहे. एक आग, दगडाच्या धाग्यांचं असल्याने ते जळतच नाही. दुसरं पावसाचा आवाज. तुमच्याकडे पाऊस ३००० मिलीमीटरच्या पुढे, जुलैत पत्र्याखाली शेजारी बसलेल्या माणसाचं ऐकू येत नाही, पोरांना अभ्यास करता येत नाही. थर्माकोल आणि बबल आवाजाला जवळजवळ काहीच करत नाहीत, रॉकवूल करतं, त्याखाली भरीव बोर्ड मारला तर फारच फरक पडतो. ४८ किलो डेन्सिटीचं स्लॅब पुरतं. ओलं झालं की मात्र ते पाणी धरून बसतं आणि वाळेपर्यंत काही कामाचं राहत नाही, म्हणून गळती आधी, रॉकवूल नंतर. बसवताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क, कामगारांनाही द्या, त्यांना कोणी विचारत नाही. मध्यममार्ग हवा असेल तर जिथे झोपायचं किंवा अभ्यासाचं टेबल आहे त्या पाख्याला रॉकवूल आणि दुसऱ्याला थर्माकोल असंही चालतं, दोघांची आर सारखीच आहे.

पफ पॅनल उत्तम माल आहे पण तो पत्र्यासकटच येतो. छप्पर नव्याने करणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा, तुमचा पत्रा नवा आहे, तो काढून पफ घालणं बजेटमध्ये बसणार नाही. विषय संपला.

आता ज्यात सगळ्यात कमी पैसे लागतात ते. पत्र्याला वरून पांढरा रंग. चांगला पांढरा कूल रूफ रंग नवा असताना उन्हाचा तीन चतुर्थांश भाग परत फेकतो, पत्रा ६५ वरून ५० च्या आसपास आला तर वरच्या हिशेबात इन्सुलेशन न लावताच उष्णता निम्मी होते. चुना मात्र मारू नका. सिमेंटच्या स्लॅबला चुना ठीक आहे, जस्त आणि ॲल्युमिनियमच्या कोटिंगला ओला चुना खातो आणि तुमच्या पत्र्याचं आयुष्य त्या कोटिंगवरच आहे. ॲक्रिलिकचा, पत्र्यासाठीचाच रंग घ्या, जिथे गंज असेल तिथे घासून प्रायमर मारा. कोकणात शेवाळाने तो काळा पडतो, पावसाळा संपला की दरवर्षी धुवावा लागेल आणि काही वर्षांनी परत मारावा लागेल, हा खर्च धरून चाला. पत्र्यावर चढताना स्क्रूच्या ओळीवरच पाय ठेवायचा, खाली पर्लिन तिथेच असतो, आणि दोर बांधल्याशिवाय कोणाला चढवू नका.

मग हवा. पत्रा आणि इन्सुलेशन यांच्यातली हवा तापून वर चढणार, तिला वळचणीतून आत यायला आणि आढ्यातून बाहेर पडायला वाट हवी. पर्लिन आडवे असतात, ते ही वाट अडवतात असं वाटतं, पण पत्र्याचे जे उभे उंचवटे आहेत ते पर्लिनच्या वरून जातात आणि हवा त्यातून चढते. फॅब्रिकेटर वळचणीला हे उंचवटे फोम नाहीतर सिमेंटने बुजवतात, ते काढा आणि बारीक जाळी लावा. वर आढ्याच्या कॅपखालीही तसंच, फक्त कॅप दोन्ही बाजूंना भरपूर खाली येऊ द्या, वाऱ्याबरोबर पाऊस उलटा चढतो. कॅप उघडाल तेव्हा स्क्रूही तपासून घ्या, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीकडे किती छपरं उडाली ते सगळ्यांनी पाहिलंय. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत वरच्या अंगाला जाळीच्या खिडक्या ठेवल्या तर रात्री खोलीही लवकर निवते.

जाळीचं मी सारखं म्हणतोय ते उंदरांसाठी. थर्माकोल ते खात नाहीत पण पोखरून घर करतात, आणि एकदा सिलिंगच्या आत गेले की वास आल्यावरच कळतं. बोटाचं पेर जाईल एवढं भोकसुद्धा ठेवू नका. फणसाची, आंब्याची फांदी छपराला टेकत असेल तर तेवढी छाटा, उदमांजरं आणि खारी तिथूनच येतात.

घामाबद्दल विचारलं नाहीत पण कोकणात हे आहेच. रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो आणि खोलीतली दमट हवा त्याला लागली की खालून पाणी सुटतं, लोकांना वाटतं छप्पर गळतंय. इन्सुलेशनचे सांधे टेपने बंद असले आणि वरची फट वाहती असली की हे बरंचसं थांबतं. यूट्यूबवर इंग्लंड-अमेरिकेचे व्हिडिओ बघून प्लास्टिकचा कागद खोलीच्या बाजूने लावू नका. तिकडे घर आतून गरम आणि बाहेर थंडी, म्हणून वाफ अडवायची ती आतून, आणि इंग्लंडमध्ये माळ्याच्या जमिनीवर २७० मिलीमीटर ग्लासवूलसारखी लोकर अंथरायला सांगतात तेही थंडीसाठीच. तुमच्याकडे उलट आहे, दमट गरम हवा बाहेर, आणि उद्या एसी लावलात तर गारवा आत, मग आतल्या बाजूच्या प्लास्टिकवर नेमकं इन्सुलेशनच्या आत पाणी साठेल. फॉईल किंवा टेप वरच्या, गरम बाजूलाच असू द्या. वर मी चकचकीत बाजू खाली म्हटलं ते नुसत्या बबल शीटसाठी होतं, थर्माकोलवर किंवा रॉकवूलवर चिकटवलेला फॉईल पत्र्याकडच्या फटीत येऊ दे, उतारावर धूळ तशीही कमी बसते.

तर तुमच्या घराला मी असं करीन. गणपतीनंतर पाऊस ओसरला की आधी सगळे स्क्रू बघा, ज्यांचे रबरी वॉशर तडकलेत ते बदला, आणि एक दिवस पाइपने आढ्यापासून पाणी सोडून आत कुठे थेंब येतो ते खडूने खुणा करून ठेवा. सिलिंग लागल्यावर गळती शोधणं म्हणजे अख्खं सिलिंग उतरवणं. दिवाळीनंतर पत्रा धुऊन पांढरा रंग, वळचण आणि आढं मोकळं. एवढं करून मार्चपर्यंत थांबायची तयारी असेल तर थांबा, फरक अंगाला कळेल आणि पुढे किती जाडी लागते तेही कळेल. नसेल थांबायचं तर पर्लिनखाली ५० मिलीमीटर थर्माकोल, झोपायच्या बाजूला रॉकवूल, खाली फायबर सिमेंट बोर्ड. पैसे कमी पडले तर जाडी २५ करा, बोर्ड आणि टेप कमी करू नका. प्रत्येक पाख्यात वळचणीजवळ एक बोर्ड स्क्रूने उघडता येईल असा ठेवा, पन्हळीपाशी काय चाललंय ते बघायला लागतं.

छप्पर झाल्यावरही संध्याकाळी खोली गरम वाटली तर बहुतेक पश्चिमेकडची त्रिकोणी भिंत तापत असेल. तिला बाहेरून पांढरा रंग आणि समोर वेल किंवा बांबूची चटई एवढं पुरतं. कैचीला लोखंड आहे की लाकूड, आणि पर्लिनमधलं अंतर किती, हे कळवलंत तर बोर्डचं माप आणि किती शीट लागतील ते काढून देतो.